शेवंतीला फ्लश

"सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही!" सलूनच्या खुर्चीत ऐसपैस बसत नळवाले नाना म्हणाले. "पानगळीत बागेचं पाणी नेमकं कधी बंद करायचं, हे या अख्ख्या गावात एकाच माणसाला कळतं. आणि तो माणूस आत्ता तुमच्या वस्तऱ्याखाली बसलाय!"

"हलू नका," सलूनवाला म्हणाला. "नाहीतर तोही उरायचा नाही."

बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बेकरीवाला बसला होता. शेजारच्या खुर्चीत कोणीतरी एक गिऱ्हाईक मान मागे टाकून, तोंडावर गरम टॉवेल घेऊन पडलं होतं. टॉवेलमधून वाफ येत होती, म्हणून ते जिवंत आहे असं समजायचं. नाहीतर तसा काही पुरावा नव्हता.

"त्यात काय कळायचंय एवढं?" बेकरीवाला म्हणाला. "झाड वाळलं की पाणी बंद!"

"हेच! हेच ते!" नाना उसळले. "अहो, ही बहुवर्षायू झाडं! वरून वाळतात, खालून जगतात आणि वसंत आला की मुळातून पुन्हा फुटतात. वर मेलेलं दिसलं म्हणून तुम्ही पाणी तोडलंत, की खाली खरोखर मेलं! उद्या तुम्ही दुपारी बाकावर डुलक्या काढायला लागलात, तर आम्ही काय तुमचं जेवण बंद करायचं?"

सलूनवाला नानांच्या गालावर फेस फिरवू लागला. आज नाना खास दाढीला आले होते, कारण संध्याकाळी त्यांना अक्कांकडे जायचं होतं. आणि अक्कांकडे जायचं होतं, कारण तिथे त्यांना किल्ली मिळणार होती.

आता नानांची गोष्ट नानांच्याच तोंडून ऐकण्यात मजा आहे, हे खरं. पण नाना म्हणजे खिशात रुमाल शोधता शोधता तीन थापा मारून मोकळा होणारा माणूस. तेव्हा त्यांच्या गालाला फेस लागतोय तोवर खरं काय घडलं ते आपण उरकून घेऊ.

नानांचा जन्म गेला नळ दुरुस्त करण्यात. काम सोडलं तेव्हा सगळी हत्यारं, जुने नळ, पाइपांचे तुकडे आणि कुठून कुठून काढलेल्या फ्लशच्या टाक्या त्यांनी घरी आणल्या. स्वयंपाकघरात चमच्यांपेक्षा तोट्या जास्त झाल्या. एकदा नानींनी वरणाच्या पातेल्यात डाव घातला आणि बाहेर वॉशर आला. त्याच दिवशी ती सगळी इस्टेट फाटकाबाहेर!

तेव्हा धावून आल्या अक्का. अक्का म्हणजे नानींची थोरली बहीण. पलीकडच्याच गल्लीत राहायच्या. घरासमोर बाग, बागेच्या टोकाला लाकडी शेड. अक्का म्हणाल्या, "ठेवा तुमचं भंगार शेडमध्ये. तूर्त."

या 'तूर्त'वर नाना जगत होते. सकाळी चहा झाला की शेडमध्ये जायचं, एक नळ उघडायचा, त्याचे सगळे भाग मांडायचे, पुन्हा जोडायचा. एक भाग उरायचाच. मग तो कुठला हे शोधण्यात दुपार व्हायची. असं सुख त्यांना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

आणि मग पानगळीच्या तोंडावर अक्का लेकीच्या बाळंतपणासाठी लांबच्या गावी निघाल्या. निघताना नानांना वाफ्याजवळ उभं केलं.

"नाना, नीट ऐका. ही शेवंती, ही लिली, ती भिंतीकडची डेझी. एक दिवसाआड मातीत बोट घालायचं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर झारीने पाणी. ओलं लागलं तर नाही. पानं गळतील, दांडे काळे पडतील, घाबरायचं नाही. थोडं थोडं पाणी चालूच ठेवायचं. जमीन गारठून दगडासारखी झाली की बंद. आधी नाही, नंतर नाही. कळलं?"

"अक्का, पाण्यातलं मला शिकवता?"

"म्हणूनच सांगतेय. बोट आणि झारी. पाइप नको, नळ नको, डोकं नको! वसंतात माझी झाडं फुटली, तर शेड तुमची. कायमची. नाही फुटली, तर भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे."

नानांनी पहिल्याच दिवशी बोट घातलं. काही कळेना. दुसरं घातलं. कळेना. अंगठा घातला. अहो, कळणार कसं? हयातभर लोखंडी पाने फिरवून नानांच्या बोटांची कातडी सायकलच्या टायरसारखी झालेली! त्या बोटांनी त्यांनी उकळत्या पाण्याच्या गळत्या दाबून धरल्या होत्या. त्या बोटांना लोणी आणि लादी यांतला फरक समजत नसे, तिथे ओल्या मातीचं काय घेऊन बसलात!

दुसरा कोणी असता तर बायकोला म्हणाला असता, "जरा तुझं बोट घाल बघू." पण नाना पडले नळवाले. त्यांनी शेडमधून फ्लशची टाकी काढली.

युक्ती साधी होती. टाकी शेडच्या खांबाला टांगायची. बागेतल्या नळाची बारीक धार तिच्यात सोडायची. आत एक वाकडी नळी अशी बसवायची, की टाकी भरली की आपोआप रिकामी व्हावी. तिथून भोकांचा पाइप सगळ्या वाफ्यांतून फिरवायचा. बोट नको, झारी नको! नाना दोन पावलं मागे सरले आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. टाकी भरली. आत काहीतरी घरघरलं.

खळ्ळऽऽ! सूंऽऽऽ!

शेवंतीला आयुष्यात पहिल्यांदा फ्लश मिळाला.

आता कुंपणापलीकडे राहायच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजूनही त्यांना सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवायची सवय. कुंपण दाट, त्यातून फक्त नानांचं टक्कल दिसे. बाईंना दिसलं ते असं : नाना येतात. इकडेतिकडे बघतात. झाडांमागे उकिडवे बसतात. काही वेळ शांतता. मग 'खळ्ळऽऽ! सूंऽऽऽ!' मग नाना हात पुसत, समाधानी चेहऱ्याने उठतात.

बाईंनी खिडकी लावून घेतली आणि थेट अक्कांना फोन केला.

तासाभरात अक्कांचा फोन नानांना.

"नाना! माझ्या बागेत काय चालवलंय तुम्ही?"

"अरे वा, कळलं वाटतं! मला तुम्हाला चकित करायचं होतं."

"झालेय मी चकित! लाज नाही वाटत?"

"लाज कसली? उलट झाडांना फार मानवलंय, अक्का. शेवंती तर अशी तरारलीय!"

"अहो, घरात संडास आहे ना!"

"आहे की. पण त्याची टाकी लहान पडली असती."

पलीकडे बाळ रडायला लागलं. मग अक्का खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "निदान कुंपणापासून लांब तरी..."

"छे! कुंपणापाशीच जास्त गरज आहे!"

फोन बंद झाला. नानांना वाटलं, अक्कांचा आनंदाने कंठ दाटला.

दोन-चार दिवसांनी आरोग्य खात्याचे साहेब फाटकात उभे. नाकाला रुमाल, चेहरा गंभीर.

"तक्रार आलीय. त्या झाडांमागे काय आहे?"

"टाकी."

"आत्ता आत कोण आहे?"

"कोणी नाही."

खळ्ळऽऽ! सूंऽऽऽ!

साहेब एक पाऊल मागे सरले. "मग हे?"

"ते आपोआप होतं."

"माणसाशिवाय?"

"माणसाची गरजच नाही, साहेब! तीच तर सगळी गंमत आहे!"

साहेबांनी धीर करून झाडांमागे डोकावलं. टाकी पाहिली, पाइप पाहिला, हळूहळू रुमाल खाली आला. तिसऱ्या फ्लशला तर ते खदखदून हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या मंडळींच्या गुलाबांना असं एखादं बसवून द्याल का हो?" नाना फुगून घागरीएवढे झाले. पण जाता जाता साहेब सहज बोलून गेले, "मशिन झकास आहे हो. पण झाडं तर सगळी मेलीत की!"

नानांनी वळून बघितलं. मशिनच्या कौतुकात झाडांकडे बघायचंच राहून गेलं होतं! शेवंतीचे दांडे काळे ठिक्कर. लिली आडवी झालेली. डेझीच्या जागी नुसता भुसा. डोळ्यांपुढे भंगारवाल्याची गाडी उभी राहिली.

नाना धावत नळापाशी गेले आणि नळ अख्खा सोडला. आता फ्लश एकामागून एक सुरू झाले. बागेत लग्नाच्या हॉलमधल्या मोरीसारखी वर्दळ!

"अहो," रात्रीच्या जेवणाला नानी म्हणाल्या, "अक्का म्हणाली होती ना, वाळलेली दिसतील म्हणून? जमीन दगडासारखी झाली की बंद करा म्हणाली होती. झाली का?"

"मला तर पहिल्या दिवसापासून दगडासारखीच लागतेय!"

"मग मी येऊन बघते."

"काही नको! नळ माझा विषय आहे."

"नळ तुमचा विषय आहे हो. पण झाडं तिची आहेत आणि भंगार माझ्या दारात येणार आहे!"

नाना ऐकतील तर ते नाना कसले! इकडे गळालेल्या पानांनी पाइपची भोकं केव्हाच बुजवली होती. वाफ्यात पाणी जेमतेम झिरपायचं. बाकीचं सगळं पाइपच्या तोंडातून निघून फाटकापासून शेडपर्यंतच्या फरसबंद वाटेवर वाहायचं. झाडांना मशिनचा पत्ता नव्हता आणि मशिनला झाडांचा. बागेतली सगळ्यात चांगली शिंपलेली गोष्ट म्हणजे ती वाट!

आणि मग एका सकाळी कडाक्याची थंडी पडली आणि त्या वाटेचा आरसा झाला.

पहिला बळी पोस्टमन. शिडशिडीत, मितभाषी माणूस. फाटक उघडून त्याने पाऊल टाकलं ते पेटीपाशी थांबलंच नाही. तो उभाच्या उभा, हातात टपाल घेऊन, बागेतून सरकत गेला आणि शेडच्या दाराला टेकला. नानांनी आतून दार उघडून टपाल घेतलं.

"आज आतपर्यंत आलात?" नाना म्हणाले.

"यायचं नव्हतं," पोस्टमन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सायकल पुढे आली आणि पोस्टमन मागून. तिसऱ्या दिवशी टोपी आली, मग पिशवी, मग पोस्टमन, शेवटी सायकल. पुढेपुढे तर तो फाटकातच खाली बसायचा, पिशवी मांडीवर घ्यायचा आणि सुटायचा!

नानांनी नळ बंद करायला हात घातला, तर नळ उघडा तसाच गोठून बसलेला. आतून धार चालू, वरून मूठ जाम! आता एकच उपाय होता. रस्त्यावर लोखंडी झाकणाखाली पाण्याची मुख्य चावी होती, ती फिरवायची. त्यासाठी मोठा पाना हवा. नाना तुरुतुरु शेडमध्ये शिरले आणि दार ओढून घेतलं, थंडी नको म्हणून.

पाना सापडेपर्यंत टाकी दोन-तीनदा वाहिली. खांबावरून पाणी दाराच्या चौकटीवर उतरलं आणि जागच्या जागी गोठलं. नाना पाना घेऊन वळले, दार ढकललं. दार हलेना! खांदा लावला. पाठ लावली. भिंतीसारखं!

"कोणी आहे का? उघडा! मी आत अडकलोय!"

खळ्ळऽऽ! सूंऽऽऽ!

कुंपणापलीकडे बाईंनी हे सगळं स्पष्ट ऐकलं. असल्या जागी अडकलेल्या परपुरुषाची मदत करायची म्हणजे फारच संकोचाची गोष्ट. त्यांनी खिडकी लावली, वर पडदाही ओढला.

नाना आत ओरडून ओरडून रडकुंडीला आले. शेवटी खरंच रडले. बरणीत वॉशर मोजून ठेवलेत, नळ आकारांप्रमाणे लावलेत, आणि यातलं काहीच आता आपलं राहणार नाही, असं वाटून बादलीवर बसून हुंदके दिले त्यांनी! तेवढ्यात फाटक वाजलं. पोस्टमन नेहमीप्रमाणे बसला, सुटला आणि येऊन दारावर असा आदळला, की चौकटीवरच्या बर्फाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. हात जाईल एवढी फट पडली. फटीतून आधी पाना बाहेर आला, मग नानांचं नाक.

"मला नंतर काढा!" नाना हुंदका आवरत म्हणाले. "आधी रस्त्यावरचं झाकण उघडा, खालची चावी फिरवा!"

पोस्टमन पाना घेऊन कुंपण धरत धरत गेला. चावी फिरवली. टाकीने शेवटचा गळा काढला आणि ती गप्प झाली. बऱ्याच दिवसांनी बागेत शांतता पसरली. येताना त्याने वाफ्यावर सहज पाय आपटला. जमीन टणक झाली होती. त्याच दिवशी, अगदी दगडासारखी.

"हे आपल्या दोघांत राहू द्या," बाहेर आल्यावर नाना म्हणाले.

"मी टपाल पोचवतो," कंबर चोळत पोस्टमन म्हणाला. "बातम्या नाही."

हिवाळाभर नानांनी जीव मुठीत धरला. मेलेलं झाड आणि झोपलेलं झाड थंडीत सारखंच दिसतं, ही एकच गोष्ट त्यांच्या बाजूची होती. बर्फ वितळला. अक्का परतल्या. आणि एका सकाळी काळ्या मातीतून शेवंतीचे कोंब वर आले! मागोमाग लिली. मग भिंतीकडची डेझी. अक्का वाफ्यातून फिरल्या, बोट मातीत घातलं आणि म्हणाल्या, "पाणी अगदी वेळेवर बंद केलेलं दिसतंय. कोणी केलं?"

"दुसरं कोण करणार?" नाना म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "उद्या संध्याकाळी या. किल्लीचं बघू."

ती संध्याकाळ आज होती. आणि इकडे सलूनमध्ये नानांच्या एका गालाची दाढी पुरी झाली होती, नि गोष्ट ऐन रंगात आली होती.

"...तर मी काय केलं? कान लावला जमिनीला! मुळं घोरत होती हो!"

"घोरत?" सलूनवाल्याचा वस्तरा हवेत थांबला.

"घोरत! शेवंतीचं घोरणं बारीक, सुरात. लिलीचं खर्जातलं. डेझी मध्येच दचकायची. एकेक झोपत गेली. शेवटची डेझी झोपली त्याच क्षणी मी चावी फिरवली. घड्याळ लावावं अशी वेळ साधली!"

"आणि म्हणे वाटेवर बर्फ झाला होता?" बेकरीवाला म्हणाला. "पोस्टमन पडायचा म्हणे रोज?"

"त्या पोस्टमनचं नका सांगू!" नानांनी हात उडवला. "फार भित्रा माणूस! एकदा तर घसरत जाऊन शेडमध्येच पडला आणि आतून दार लागलं. बादलीवर बसून हमसून हमसून रडत होता बिचारा. मी धडक देऊन दार फोडलं. डोळे पुसले त्याचे. म्हटलं, गड्या, रडू नकोस, कोणाला सांगणार नाही!"

शेजारच्या खुर्चीतला टॉवेल हलला.

"नाना," टॉवेलखालून आवाज आला. "रडत कोण होतं?"

टॉवेल सावकाश खाली आला. त्याखाली लालबुंद, गुळगुळीत, शिडशिडीत चेहरा होता.

"अरे! तुम्ही?" नाना म्हणाले. "नाही, म्हणजे... तो पोस्टमन वेगळा..."

"गावात मी एकटाच आहे." पोस्टमनला एवढं बोलताना आजवर कोणी ऐकलं नव्हतं. "दार मी फोडलं. चावी मी फिरवली. तुमची मुळं घोरत होती तेव्हा तुम्ही बादलीवर होतात."

"पण आपलं ठरलं होतं ना! दोघांत राहू द्यायचं!"

"मी काही बोललो नव्हतो. आज सकाळी टपाल द्यायला गेलो. उन्हाचे दिवस, वाट कोरडी, तरी माझ्या अंगवळणी पडलेलं! फाटकात गेलो आणि खाली बसलो. अक्कांनी विचारलं, हे काय करताय? आता खाली बसलेल्या माणसाने काय सांगायचं?"

"मग? काय म्हणाल्या त्या?"

पोस्टमनने गळ्याभोवतीच्या कापडाखालून हात काढला. हातात किल्ली होती.

"म्हणाल्या, ज्याने पाणी वेळेवर बंद केलं त्याची शेड. सायकल लावूनच आलोय मी तिथे." तो पुन्हा मान मागे टाकत म्हणाला, "तुमचं सामान नानींकडे पोचतं करायला सांगितलंय. टाकी तेवढी ठेवून घेतायत अक्का. शेवंती लावणारेत तिच्यात."

त्याने टॉवेल पुन्हा तोंडावर ओढला. नाना आरशात बघत होते : एक गाल गुळगुळीत, एक गाल फेसाचा.

सलूनवाल्याने वस्तरा पुसला आणि अदबीने विचारलं, "नाना, दुसरा गाल करायचा, का इथेच पाणी बंद करू?"